सरकारी तक्त्यातलं शून्य आणि आपल्या पाड्याची यादी

(गावकमिट्या आणि तरुण मुला-मुलींच्या शिबिरात संघटनेतर्फे झालेल्या मांडणीचा हा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, बोललं तसंच, थोडं आवरून छापत आहोत. वाचता येणाऱ्याने पाड्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवावा.)

सकाळपासून आपण वनदाव्यांचं बोललो. कोणाचा दावा अपात्र झाला, कोणाच्या पट्ट्यात चार एकराचं एक एकर झालं, कुणाची मोजणी राहिली. आता दुपारी मोबाईलवर दवाखान्याचे आकडे शोधायला बसायचं म्हटलं, तेव्हा मागून एका काकांनी विचारलं, "आपली संघटना जमिनीची. हे दवाखान्याचं आकडेमोडीचं काम आपल्या मागे कशाला?" काकांनी विचारलं ते बरं केलं. त्याचं उत्तर आम्ही एका पाड्यापासून सुरू करतो.

आपल्याच भागातला पाडा आहे. नाव घेत नाही, कारण ज्यांच्या घरात दुःख झालं त्यांचं नाव कागदावर फिरायला नको. त्या पाड्यावर एका वर्षात तीन तान्ही बाळं गेली. बैठकीत बाया रडत सांगत होत्या. आपल्यातल्या दोन मुलांनी उपकेंद्राच्या त्या वर्षाच्या मासिक अहवालांच्या प्रती मिळवल्या होत्या. त्यात एक ओळ असते, वर्षाच्या आत गेलेल्या बाळांची. बारा महिन्यांचे बारा कागद आम्ही जमिनीवर मांडले. त्या पाड्याच्या नावाने एकाही कागदावर एकही मरण नव्हतं. सगळीकडे शून्य.

तिथं एक आजी बसली होती. तिने विचारलं, "माझी नात कुठल्या खान्यात लिहिलीय ते दाखवा." आम्हाला दाखवता आलं नाही.

आमचा पहिला राग आशा ताईवर निघाला, हे कबूल करतो. ती खोटं लिहिते असं एकाने म्हटलंही. मग ती स्वतःच बैठकीला आली, वही घेऊन. तिच्याबरोबर बसून आम्ही तिन्ही बाळांचं एकेक करून पाहिलं, तेव्हा वेगळंच कळलं.

पहिलं बाळ जन्मलं ते गुजरातमध्ये, ऊसतोडीच्या पडावावर. आई-बाप दिवाळीनंतर गेलेले. बाळाला घेऊन ते पाड्यावर परतले आणि एकोणिसाव्या दिवशी बाळ गेलं. आशा ताई म्हणाली, "बाळाचा जन्मच माझ्या वहीत नाही, मग मरण कुठल्या ओळीत लिहू?"

दुसरं बाळ घरीच जन्मलं, दाईच्या हातून. दुसऱ्या रात्री गेलं. अजून नाव ठेवलं नव्हतं, घरच्यांनी झाडाखाली पुरलं आणि कुणाला सांगितलं नाही. पावसाळा होता, नाल्याला पाणी, आशा ताई आठ दिवसांनी पोहोचली. तिला वरून सांगितलं गेलं की उशीर झाला, आता राहू दे.

तिसरी ती आजीची नात. आईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, गाडी मिळाली, जिल्ह्याच्या दवाखान्यात बाळंतपण झालं. बाळ अशक्त होतं, पाचव्या दिवशी तिथंच गेलं. त्याची नोंद झाली, पण त्या दवाखान्याच्या कागदावर झाली. पाड्याच्या किंवा उपकेंद्राच्या कागदावर ती येत नाही.

म्हणजे बघा. तीन बाळं, तीन कारणं, आणि आपल्या पाड्यासमोर एकच शून्य. एक जन्म राज्याबाहेर राहिला. एक मरण कुणी लिहिलंच नाही. एक मरण लिहिलं गेलं, पण दुसऱ्या जागी. वर बसलेला साहेब संगणकावर ते शून्य बघतो आणि म्हणतो, या भागात काही अडचण दिसत नाही. मग इथे उपकेंद्र कशाला, जास्तीची नर्स कशाला, रस्ता कशाला?

काका, म्हणून हे काम जमिनीच्या संघटनेचं आहे. आपण जमीन कसत होतो, तरी कागदावर जंगल होतं. आपण कसतोय हे कागदावर आणायला किती वर्षं गेली ते तुम्हाला माहीत आहे. आपली माणसं मरतात तेव्हाही तसंच होतं. कागदावर नाही, म्हणजे झालंच नाही.

आता हे आकडे कुठं सापडतात ते सांगतो. पोरांनी लिहून घ्या, मोठ्यांनी ऐकून घ्या. चार ठिकाणं आहेत, आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे.

पहिलं ठिकाण. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचं एक संकेतस्थळ आहे. त्याला एच-एम-आय-एस म्हणतात, म्हणजे आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली. २००८ पासून ते चालू आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळ्यांनी दर महिन्याला तिथं माहिती भरायची असते. किती गरोदर बायांची नोंद झाली, त्यातल्या किती पहिल्या तीन महिन्यांत आल्या, घरी किती बाळंतपणं, दवाखान्यात किती, किती बाळांचं वजन घेतलं, अडीच किलोच्या खाली किती, लसी किती, मरणं किती. नेटवर ही चार अक्षरं टाकली की सापडतं. आत गेल्यावर 'स्टँडर्ड रिपोर्ट' असा भाग असतो. तिथं वर्ष निवडायचं, राज्य निवडायचं, मग जिल्हा. काही तक्ते तालुक्यापर्यंत उतरतात. वर्ष एप्रिल ते मार्च असं धरतात, जानेवारीपासून नाही, हे लक्षात ठेवा. पानाची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून आज शिकलेलं बटण उद्या दुसरीकडे असेल. घाबरू नका, शोधत राहा. आणि जो तक्ता सापडला तो लगेच उतरवून ठेवा, त्यावर कुठल्या तारखेला उतरवला ते लिहा. आपल्याकडे टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. एकदा चढून गेलात तर चार तक्ते घेऊनच उतरा.

दुसरं ठिकाण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. हे दवाखान्याच्या कागदांवरून होत नाही, माणसं घरोघरी जाऊन विचारतात, मुलांचं वजन-उंची घेतात, रक्त तपासतात. मुंबईच्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे काम बघते. पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. प्रत्येक जिल्ह्याचं चार-सहा पानांचं तथ्यपत्रक मिळतं. आपल्या नंदुरबार जिल्ह्याचं बघा. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये वयाच्या मानाने वजन कमी असलेली मुलं ५७.२ टक्के. म्हणजे शंभरातली सत्तावन्न. चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हाच आकडा ५५.४ होता. महाराष्ट्राचा पाचव्या फेरीतला आकडा ३६.१. हा कागद आपल्यासाठी फार उपयोगाचा आहे, कारण तो सरकारचाच आहे आणि जिल्ह्याच्या बैठकीत कुणी नाकारू शकत नाही.

पण त्याची मर्यादाही समजून घ्या. देशभर मिळून सुमारे ६ लाख ३७ हजार घरं आणि ७०७ जिल्हे. म्हणजे एका जिल्ह्याला सरासरी नऊशे घरं पडतात. त्या नऊशेत तुमचा पाडा असेलच असं नाही. आणि बाळमृत्यूचा दर जिल्ह्याच्या तथ्यपत्रकात देतच नाहीत, कारण एवढ्या कमी घरांवरून तो नीट निघत नाही.

तिसरं ठिकाण. नमुना नोंदणी, जिला एस-आर-एस म्हणतात. यातून राज्याचा बाळमृत्यू दर निघतो. हजार बाळं जिवंत जन्मली तर वर्ष पूर्ण व्हायच्या आधी त्यातली किती गेली, तो दर. २०२० साली महाराष्ट्राचा १६ होता, देशाचा २८. महाराष्ट्र पुढे आहे असं भाषणात सांगतात ते यावरूनच. पण हा आकडा अख्ख्या राज्याचा आहे. मुंबई-पुण्याची बाळं आणि आपली बाळं एकाच टोपलीत घालून सरासरी काढलेली. आपल्या तालुक्याचा दर त्यात शोधू नका, तिथं तो नाही.

चौथं ठिकाण जनगणना. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाचा तक्ता आहे. गावात उपकेंद्र आहे का, नसेल तर किती लांब: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे. जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत हे गावाच्या नावाने मिळतं. तुम्ही तुमचं गाव शोधा आणि तिथं लिहिलेलं अंतर बरोबर आहे का ते तपासा. पावसाळ्यात नाला भरल्यावर ते अंतर किती होतं हेही खाली लिहा.

आणि एक गोष्ट घडेल. काही जणांना यादीत आपलं गावच सापडणार नाही. घाबरून मोबाईल बंद करू नका, तीच खरी माहिती आहे. वनगाव असेल, महसुली झालेलं नसेल, तर कधी ते शेजारच्या गावाच्या नावाखाली दडतं, कधी यादीत येतच नाही. गाव यादीत नाही म्हणजे तिथली माणसं कुठल्याच हिशेबात धरली जात नाहीत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीसुद्धा महसुली गाव धरूनच होते. वनगावाचं महसुली गाव करून घेणं हा वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ज) मधला हक्क आहे. त्या मागणीच्या अर्जाला हा जनगणनेचा तक्ता जोडा आणि लिहा, आम्ही इथं राहतो आणि तुमच्या यादीत नाही.

आता आकडा वाचायचा कसा. आकडा सापडला की लगेच ओरडायचं नाही, आधी चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, हा आकडा कुठल्या जागेचा? एच-एम-आय-एस मध्ये जिथं सेवा दिली तिथं मोजतात. डोंगरावरची बाई जिल्ह्याच्या गावी जाऊन बाळंत झाली तर ते बाळंतपण त्या दवाखान्यात मोजलं जातं. गुजरातमध्ये झाली तर गुजरातमध्ये. म्हणून आपल्या तालुक्याची बाळंतपणं कमी दिसतात आणि मोठ्या दवाखान्याची जास्त. यात कुणी चोरी केलेली नसते. पण हे माहीत नसेल तर आपण बैठकीत चुकीचं बोलतो आणि साहेब हसतो.

दुसरा प्रश्न, शून्य आहे की रिकामं? शून्य म्हणजे भरणाऱ्याने लिहिलं की एकही नाही. रिकामं म्हणजे भरलंच नाही. दोन्ही सारखे नाहीत. आणि शून्य असलं तरी ते कशावरून लिहिलं ते विचारायचं.

तिसरा प्रश्न, आकडे एकमेकांशी जुळतात का? आता मी फक्त समजण्यासाठी काही आकडे घेतो, हे खरे आकडे नाहीत. समजा एका वर्षात १,००० गरोदर बायांची नोंद झाली. दवाखान्यात ५५० बाळंतपणं, घरी १५०. झाली ७००. मग ३०० बाया कुठं गेल्या? काहींचं बाळंतपण पुढच्या वर्षात गेलं असेल, काहींचा गर्भ पडला असेल, काही दुसरीकडे बाळंत झाल्या असतील, काही ऊसतोडीला गेल्या असतील. पण तीनशेचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा. अजून एक. समजा ७०० बाळांचं वजन घेतलं आणि अडीच किलोखाली फक्त १० निघाली. आता ज्या जिल्ह्यात शंभरातल्या सत्तावन्न मुलांचं वजन कमी निघतं, तिथं जन्माला येताना सगळी बाळं धडधाकट होती, हे पटतं का? इथे विचारायचं, वजनकाटा चालू होता का? की सगळ्यांपुढे अडीच किलो लिहून टाकलं?

चौथा प्रश्न, भागिले कशाने? दर काढताना खाली लोकसंख्या लागते. पूर्ण मोजणी शेवटची झाली ती २०११ ची. त्यानंतरचे आकडे अंदाजाचे. आणि आपल्याकडे दिवाळीनंतर अर्धा पाडा रिकामा होतो. होळीला माणसं परततात. मग लस द्यायला आलेल्या नर्सबाईला मुलं कुठून सापडणार?

इथे तरुणांना एक सांगणं आहे. आपल्या एकेका पाड्याचा दर काढत बसू नका. पाड्यावर वर्षाला वीस बाळं जन्मली आणि एक गेलं, तर हजारी पन्नास होतं. पुढच्या वर्षी एकही गेलं नाही तर शून्य होतं. एवढ्या छोट्या जागी दर वरखाली उडतो आणि समोरचा लगेच खोडून काढतो. पाड्यावर दर काढायचा नाही, माणसं मोजायची. तीन बाळं गेली, तर तीन. प्रत्येकाची तारीख, किती दिवसांचं होतं, कुठं जन्मलं, कुठं गेलं, मदत मागितली होती का, गाडी आली का, किती वेळाने आली. दर काढायचाच असेल तर अनेक गावं मिळून, दोन-तीन वर्षांचं एकत्र करून काढू.

म्हणून खरं साधन मोबाईल नाही, आपली यादी आहे. मोबाईलवर त्यांनी काय लिहिलंय ते कळतं. काय घडलं ते आपल्याला माहीत असतं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय काही उपयोग नाही.

हे आपण पहिल्यांदा करत नाही. महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी गावोगाव जन्म आणि बाळांची मरणं स्वतः मोजली. 'कोवळी पानगळ' नावाचा त्यांचा २००१ चा अहवाल आहे. सरकारी नोंदीत होती त्यापेक्षा कितीतरी जास्त मरणं त्यांना गावात सापडली. त्यावर राज्यभर बोललं गेलं आणि सरकारला कुपोषणाकडे बघावं लागलं. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्या पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावातली माणसं दवाखान्याला लाल, पिवळा, हिरवा रंग द्यायची आणि जनसुनवाईत साहेबांसमोर उभं राहून बोलायची. इथे बसलेल्या काही मावश्यांना ते आठवत असेल. आणि २०१८ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने केंद्र सरकारला आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला, त्यातही हेच म्हटलं की आदिवासींच्या आरोग्याची वेगळी, नीट माहितीच देशात गोळा होत नाही.

वनदाव्यात आपण काय केलं ते आठवा. नियमात नुसता सरकारी कागद पुरावा धरलेला नाही. म्हाताऱ्या माणसाचा जबाबसुद्धा पुरावा आहे. आपण एका हातात जुनी दंडाची पावती धरली आणि दुसऱ्या हातात आजोबांचा जबाब. तसंच इथं. एका हातात एच-एम-आय-एस चा तक्ता, दुसऱ्या हातात पाड्याची यादी.

आता यादी कशी करायची. प्रत्येक पाड्याला एक वही. त्यात फक्त चार गोष्टी: कोण गरोदर आहे, कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कामाला बाहेर गेलं आणि कधी परतलं. वही दोन बायांच्या हातात राहील, त्यातली एक लिहिणारी आणि एक सगळ्या घरांत जाणारी. दाईला बरोबर घ्या. तिला विसरलात तर अर्धी बाळंतपणं सुटतील. महिन्याच्या शेवटी आशा ताईबरोबर बसा आणि तिची वही आणि आपली वही जुळवा.

आशा ताईबद्दल परत सांगतो. ती आपल्याच घरची लेक किंवा सून आहे. मरण लिहिलं तर तिलाच दहा प्रश्न विचारतात, तू काय करत होतीस म्हणून. भीतीने काही सुटत असेल तर ती भीती आपण काढायची. तिला सांगा, तू लिही, बैठकीत आम्ही तुझ्या मागे उभे राहतो. तिला घेरलं तर वही कायमची बंद होईल.

दुसरी सूचना. गेलेल्या बाळाचं, आईचं नाव व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही. फोटो तर मुळीच नाही. वरच्या बैठकीत आकडा आणि कारण जाईल, नावाची वही पाड्यावरच राहील.

तिसरी. जन्म असो की मरण, एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. कायदा १९६९ चा आहे. नाव ठेवलं नसलं तरी जन्माची नोंद होते. उशीर झाला तरी होते, फक्त जास्त फेऱ्या पडतात. बाळ दोनच दिवस जगलं तरी ते जन्मलं होतं. आधी जन्म लिहायचा, मग मृत्यू. हे घरच्या माणसांना त्या दुःखात सुचत नाही, म्हणून कमिटीने करायचं.

उपकेंद्राचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा मासिक अहवाल आधी सरळ मागा. पुष्कळदा देतात. नाही दिला तर माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत, पण कार्डाची प्रत जोडावी लागते. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील. अर्जात रुग्णांची नावं मागू नका, ती मिळणारही नाहीत. फक्त महिन्यांचे आकडे मागा.

मग हे सगळं ग्रामसभेत ठेवायचं. पेसा कायदा १९९६ चा आहे. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर देखरेखीचा अधिकार त्यात ग्रामसभेकडे आणि पंचायतीकडे दिलेला आहे. म्हणजे दवाखान्याचा हिशेब विचारणं ही आपली आगाऊगिरी नाही, कायद्याने सांगितलेलं काम आहे.

आता त्या पाड्याचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो.

तिन्ही बाळांची हकीकत, उपकेंद्राचे बारा कागद, जनगणनेतलं अंतर आणि जिल्ह्याचं तथ्यपत्रक, हे सगळं जोडून ग्रामसभेने ठराव केला. नियम असा आहे की डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हवं, सपाटीला पाच हजारांमागे. आजूबाजूचे पाडे धरले तर तेवढी माणसं भरतात, तेही आम्ही मोजून दिलं. कार्यालयातून तोंडी उत्तर आलं, "मागणी बरोबर आहे, पण जागा फॉरेस्टची आहे. तिथं बांधता येत नाही."

हे ऐकल्यावर बैठकीतले म्हातारे उठून बसले. कारण हे त्यांचं क्षेत्र. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काय सांगतं? शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पाण्याची सोय, रस्ता, अशा तेरा सरकारी सोयींसाठी वनजमीन देता येते. एका सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. शिफारस आपलीच आहे. पडीक जागा आपण दाखवली, एकही झाड तोडावं लागत नाही. तो ठराव, नकाशा आणि कलम लिहून परत पाठवलं. आता जागेची पाहणी झाली आहे. उपकेंद्र अजून झालेलं नाही, खोटं सांगणार नाही. पण "बांधता येत नाही" हे उत्तर आता कुणी देत नाही.

आणि एक लहान गोष्ट झाली. त्यानंतर त्या पाड्यावर अजून एक बाळ गेलं. त्याची नोंद त्याच महिन्यात झाली. आशा ताईने लिहिलं, नर्सबाईने वर पाठवलं. त्या महिन्याच्या कागदावर शून्य नाही, एक आहे. आजीला तो कागद दाखवला. ती म्हणाली, "माझ्या नातीचं राहिलंच." राहिलं ते खरं. त्या घराने आता नातीच्या जन्म-मृत्यूच्या दाखल्यासाठी दवाखान्याच्या गावी अर्ज दिला आहे.

तर काका, आकडे वाढले म्हणून साहेब कदाचित आपल्यावरच चिडतील. तुमच्या भागामुळे तालुका खाली गेला म्हणतील. जाऊ दे खाली. खरा आकडा आधी वर जाऊ दे, मग खरी बाळं वाचवायला माणसं आणि गाडी मागता येईल.

आता महिनाभराचं काम वाटून घेऊ. प्रत्येक गावाने चार गोष्टी करायच्या. एक, जनगणनेत आपलं गाव शोधायचं आणि दवाखान्याचं अंतर तपासायचं. दोन, आपल्या तालुक्याचा गेल्या वर्षाचा एच-एम-आय-एस तक्ता उतरवायचा, तो दोघांनी मिळून वाचायचा. तीन, पाड्याची वही सुरू करायची, गेल्या होळीपासूनचे जन्म आणि मरणं आठवून लिहायची. चार, ज्या गावात दवाखाना किंवा अंगणवाडी जागेमुळे अडली आहे त्यांनी कलम ३(२) च्या ठरावाचा नमुना आजच कमिटीकडून घेऊन जायचा. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांनी वही सांभाळायची. ज्यांना वही जमत नाही त्यांनी घरोघर फिरून विचारायचं. काम सगळ्यांना पुरेल एवढं आहे.

पुढच्या बैठकीला येताना वही आणा.

जमीन आमच्या हक्काची, जंगल आमच्या हक्काचं, आणि आमच्या माणसांचा हिशेबही आमच्या हक्काचा. जिंदाबाद!